जुनी गाडी घेताना मालक कोण आणि लोन बाकी आहे का, कसं बघायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांकडून तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून सगळी उत्तरं एका जागी टाकतोय. हे मुख्यतः महाराष्ट्रातल्या प्रायव्हेट पासिंगच्या कारसाठी आहे, गोव्याची किंवा बाहेरच्या राज्याची गाडी असेल तर प्रश्न १२ पण वाचा. एक गोष्ट आधीच सांगतो कारण ती जवळपास प्रत्येक उत्तरात येणारे, हे सगळं टोकन द्यायच्या आधी बघायचं, आणि टोकन दिलंच असेल तर मोठी रक्कम जायच्या आधी तरी बघायचंच.

१. गाडीचा खरा मालक कोण, हे कशावरून ठरतं?

आरसीवरून. गाडी कोण चालवतंय, चावी कोणाकडे आहे, इन्शुरन्स कोणाच्या नावावर आहे, कोणी कोणाला किती पैसे दिलेत यातलं काहीही आरटीओला कळत नाही, रेकॉर्डवर ज्याचं नाव तो मालक. त्यामुळे तुमच्यासमोर बसलेला माणूस आणि आरसीवरचं नाव एकच आहे का हा पहिला प्रश्न. आधार कार्ड आणि आरसी शेजारी शेजारी ठेवून नाव, पत्ता, वडिलांचं नाव जुळवा. यात संकोच करायचं काही कारण नाही, लाखोंचा व्यवहार आहे आणि प्रामाणिक माणूस कागद दाखवायला नाही म्हणत नाही.

२. फक्त नंबर प्लेटवरून ऑनलाइन काय काय कळतं?

परिवहनच्या सरकारी साइटवर मोबाइल नंबरने लॉगिन करून गाडीचा नंबर टाकला किंवा एमपरिवहन ॲपवर टाकला की मॉडेल, पासिंगची तारीख, कुठलं आरटीओ, पेट्रोल की डिझेल, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत, आरसी कधीपर्यंत व्हॅलिड आणि मुख्य म्हणजे गाडी फायनान्सवर आहे का हे दिसतं. मालकाचं नाव मात्र पूर्ण दिसत नाही, मधली अक्षरं झाकलेली असतात.

पूर्ण नाव बघायचं तर विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याच्या मोबाइलवर डिजिलॉकर उघडायला सांगा. व्हॉट्सॲपवर आलेला आरसीचा फोटो, पीडीएफ, झेरॉक्स याच्यावर निर्णय घेऊ नका. फोटोतली आरसी दोन वर्षांपूर्वीची असू शकते आणि त्यानंतर त्यावर लोन चढलेलं असू शकतं.

३. आरसी हातात आली तर नेमकं कुठे बघायचं?

बहुतेक जण नाव आणि वर्ष बघून आरसी परत देतात, पण खरी माहिती बाकीच्या रकान्यात असते. ओनर सिरियल नंबर बघा, विकणारा 'फर्स्ट ओनर' म्हणतोय आणि तिथे ३ लिहिलंय तर तिथेच थांबा. मॅन्युफॅक्चरिंगचा महिना-वर्ष आणि पासिंगची तारीख वेगळी असते, भाव करताना दोन्ही बघायच्या. प्रायव्हेट कारची आरसी पासिंगपासून १५ वर्षं चालते आणि पुढे गाडी तपासून ५-५ वर्षांसाठी रिन्यू करावी लागते, म्हणून १४ वर्षांची गाडी घेताय तर तो खर्च आणि ग्रीन टॅक्स तुमच्या माथी येणार हे धरून चला.

मग चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. बॉनेट उघडून गाडीवर कोरलेले आकडे आरसीशी एक एक अक्षर वाचून जुळवा, शेवटचे चार आकडे जुळले म्हणून सोडून देऊ नका. कोरलेल्या जागेवर घासल्यासारखं, वेल्डिंग केल्यासारखं किंवा तेवढाच भाग नवीन रंगवल्यासारखं दिसलं तर गाडी कितीही आवडली असली तरी नको. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आरसीत पाहिजे. आणि शेवटी फायनान्सरचा रकाना, त्याच्यासाठी पुढचा प्रश्न.

४. आरसीवर 'एचपी' किंवा बँकेचं नाव आहे, म्हणजे काय?

एचपी म्हणजे हायपोथिकेशन. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो तसा हा गाडीवरचा बोजा. गाडी वापरतो मालक पण बँकेचा हक्क त्यावर आहे, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५१ नुसार ज्या बँकेचं नाव आरसीवर आहे तिच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होतच नाही. म्हणजे तुम्ही पूर्ण पैसे दिले, गाडी घरी आणली, तरी कागदावर ती तुमची होणार नाही, आणि हप्ते थकले तर बँक गाडी ओढून नेऊ शकते, तेव्हा तुम्ही कोणाला किती पैसे दिले याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं.

५. विकणारा म्हणतो लोन कधीच फिटलंय, फक्त आरसीवरून नाव काढायचं राहिलंय. चालेल का?

हे बऱ्याचदा खरं असतं. लोक शेवटचा हप्ता भरतात, बँक एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र पाठवते, ती कपाटात पडून राहते आणि आरटीओत कोणी जात नाही. पण खरं असलं तरी ते काम विकणाऱ्याने करायचं, तुम्ही नाही.

बँकेची एनओसी आणि बँकेने सही-शिक्का केलेला फॉर्म ३५ दोन प्रतीत लागतो, तो परिवहनच्या पोर्टलवर अर्ज करून फी भरून दिला की एचपी उतरतो. बऱ्याच बँका आता एनओसी थेट सरकारच्या 'वाहन' नावाच्या सिस्टीममध्ये ऑनलाइन पाठवतात, तेव्हा काम लवकर होतं. कागदी एनओसी सहसा ९० दिवसांचीच असते, चार वर्षांपूर्वीची एनओसी दाखवली तर विकणाऱ्याला बँकेकडून परत नवीन आणावी लागणार. एचपी उतरल्यावर प्रश्न २ प्रमाणे ऑनलाइन परत चेक करा, तिथून फायनान्सरचं नाव गेलेलं दिसलं की मगच पुढचे पैसे.

६. लोन चालू आहे, पण गाडी चांगली आहे आणि भाव पण चांगला आहे. घेता येते का?

येते, रोज अशा गाड्या विकल्या जातात, फक्त पैशाचा रस्ता बदलायचा. बहुतेक लोक इथे फसतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी विकणाऱ्याने बँकेकडून फोरक्लोजर लेटर काढायचं, त्यात आजच्या तारखेला किती भरलं की लोन बंद होईल तो आकडा, प्रीक्लोजर चार्ज (मुदतीआधी लोन बंद करायचा चार्ज) आणि तो आकडा कुठल्या तारखेपर्यंत चालेल हे सगळं असतं. समजा गाडी ५ लाखाला ठरली आणि बाकी आहे ३ लाख २० हजार, तर ते ३ लाख २० हजार तुम्ही विकणाऱ्याच्या सेव्हिंग खात्यात टाकायचे नाहीत, थेट लोन अकाउंटला भरायचे, शक्यतो दोघांनी मिळून बँकेत जाऊन, आणि पावतीवर लोन अकाउंट नंबर तपासून घ्यायचा. 'मला द्या मी उद्या भरतो' याला सरळ नाही म्हणा, कारण उद्या त्या माणसाला दुसरी कुठलीतरी गरज निघते आणि पैसे तिकडे जातात, यात त्याची नियत वाईटच असायला पाहिजे असंही नाही.

राहिलेले १ लाख ८० हजार लगेच द्यायचे नाहीत. बँकेची एनओसी यायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे जातात, तोपर्यंत ५०० च्या स्टॅम्प पेपरवर साधा करार करून ठेवा, त्यात गाडीचा नंबर, चेसिस नंबर, लोन अकाउंट, कोणी किती कुठे भरले, एनओसी नाही मिळाली तर पैसे किती दिवसात परत, हे लिहा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. प्रीक्लोजर चार्ज कोण देणार हे पण आधीच ठरवा, ऐनवेळी दहा-पंधरा हजारावरून वाद होतात. एचपी उतरून टीटी फॉर्मवर म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या आणि ट्रान्सफरचा अर्ज गेला की शेवटची रक्कम द्या. सगळे पैसे बँकेतून पाठवा, एकतर पुरावा राहतो आणि दुसरं म्हणजे एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही.

'पुढचे हप्ते तुम्ही भरत रहा, गाडी तुमच्याकडे, फिटल्यावर नावावर करू' अशी ऑफर आली तर घेऊ नका. लोन त्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर, आणि हप्ते तुमचे.

७. बँकेची एनओसी खरी आहे का हे कसं ओळखायचं?

एनओसीवर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर, लोन अकाउंट नंबर आणि कर्जदाराचं नाव असतं, लोन अकाउंट नंबर सोडून बाकी चारही गोष्टी आरसीशी जुळल्या पाहिजेत. त्यानंतर बँकेच्या अधिकृत साइटवरून कस्टमर केअरचा नंबर शोधून विकणाऱ्याला स्पीकरवर फोन लावायला सांगा, पत्रावर छापलेल्या नंबरवर नको. शाखा गावातच असेल तर अर्धा तास काढून जाऊन या. तुमच्या हातातला कागद कितीही चांगला दिसला तरी आरसीवरून एचपी उतरल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

८. ऑनलाइन फायनान्स काहीच दिसत नाही, तरी गाडीवर कर्ज असू शकतं का?

हो, आणि हेच पकडायला सगळ्यात अवघड. गावाकडे आणि शहरात पण खाजगी सावकाराकडे गाडी गहाण ठेवतात, तो एचपी वगैरे चढवत नाही, ओरिजनल आरसी आणि सही केलेले कोरे टीटी फॉर्म स्वतःकडे ठेवून घेतो. महाराष्ट्रात सावकारीसाठी २०१४ चा कायदा आहे, लायसन्स लागतं, पण विनालायसन धंदा करणारा काही नोंद ठेवणार नाही.

यावर उपाय म्हणजे ओरिजनल स्मार्ट कार्ड हातात घेऊन बघणं आणि दोन्ही चाव्या मागणं. 'आरसी गावाला आहे', 'आरसी हरवली, डुप्लिकेट काढून देतो' असं ऐकलं तर सावध व्हा. डुप्लिकेट आरसी आहे म्हणून गाडी खराब असं अजिबात नाही, कार्ड खरंच हरवतात, पण डुप्लिकेट कधी काढली ते बघा, पोलिसांकडे हरवल्याची नोंद केली होती तिची प्रत मागा, आणि विकायच्या पंधरा दिवस आधी हरवली असेल तर शेजारीपाजारी, गॅरेजवाल्याकडे चौकशी करा. करारात 'गाडीवर कुठलंही बँकेचं, पतसंस्थेचं किंवा खाजगी देणं नाही' ही ओळ विकणाऱ्याच्या सहीने टाकाच, प्रश्न १७ मध्ये ती कामाला येते.

९. आरसीवर ज्या बँकेचं नाव आहे ती बँकच आता नाही, एनओसी कोण देणार?

मर्ज झाली असेल तर ज्या बँकेत गेली ती देते. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात आहेत, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक १ एप्रिल २०२० पासून युनियन बँकेत, सिंडिकेट कॅनरात, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. पीएमसी बँक २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत गेली. बँक किंवा पतसंस्था मर्ज न होता बंदच पडली असेल, पुण्याच्या रुपी बँकेचं लायसन्स २०२२ मध्ये रद्द झालं तसं, तर तिथे नेमलेल्या अवसायकाकडून (लिक्विडेटर) एनओसी घ्यावी लागते. पतसंस्थेचा अवसायक कोण ते तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सहकार निबंधक कार्यालयात कळतं. वेळ लागतो पण होतं, फक्त ही धावपळ विकणाऱ्याची आहे, तुम्ही 'स्वस्तात मिळतेय तर मी करून घेतो' म्हणून अंगावर घेऊ नका.

१०. कार लोन पूर्ण भरलं, पावती आहे, तरी बँक एनओसी देत नाही असं होतं का?

होतं. त्याच बँकेत विकणाऱ्याचं क्रेडिट कार्डचं किंवा पर्सनल लोनचं थकलेलं असेल, किंवा तो दुसऱ्याच्या कर्जाला जामीन असेल तर बँक एनओसी अडवून धरू शकते. म्हणून फोरक्लोजर लेटर घ्यायला जाल तेव्हाच तिथे तोंडावर विचारा की हे लोन बंद केल्यावर एनओसी द्यायला दुसरी काही अडचण आहे का, आणि उत्तर मेलवर मागा. पैसे भरून झाल्यावर हे कळलं तर तुमचे तीन लाख त्याच्या कर्जात गेलेले असतात आणि गाडी अजून बँकेच्या बोजाखालीच अडकलेली असते.

११. डीलरकडून घेतली तर हे सगळं बघायची गरज नाही ना?

आहे. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राचे नवीन नियम आलेत, त्यात जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून ऑथरायझेशन सर्टिफिकेट घ्यावं लागतं, आणि मालकाने गाडी डीलरकडे दिली की पोर्टलवर फॉर्म २९ सी ने तशी नोंद करायची, मग विकली जाईपर्यंत गाडीची जबाबदारी डीलरची. नियम चांगला आहे कारण आधी गाडी चार डीलर फिरून यायची आणि कागदावर मालक पहिलाच असायचा. पण सगळ्याच डीलरांकडे हे सर्टिफिकेट असतं असं नाही. सरळ मागा, आणि तुम्ही घेताय त्या गाडीची २९ सी ची नोंद झालीय का ते विचारा.

नसेल तर मूळ मालकाशी फोनवर तरी बोलायला द्या म्हणा. गाडी विकली, पैसे मिळाले, आता काही बाकी नाही एवढं त्याच्या तोंडून ऐकायचं. डीलरने मूळ मालकाला अर्धेच पैसे दिलेत आणि तो सही करायला तयार नाही हा प्रकार बऱ्यापैकी होतो, आणि ट्रान्सफरच्या वेळी मूळ मालकाच्या आधारवर किंवा मोबाइलवर ओटीपी जातो तेव्हा तुमचंच काम अडतं.

१२. गोवा, दिल्ली किंवा बीएच नंबरची गाडी घ्यायची असेल तर?

बाहेरच्या राज्यातली गाडी महाराष्ट्रात नावावर करायची तर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते, आणि एचपी असेल तर आधी बँकेची संमती. त्याशिवाय महाराष्ट्राचा वन टाइम टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे परत भरावा लागतो, जीए पासिंगची गाडी तुम्हाला पन्नास हजाराने स्वस्त वाटत असेल तर हा टॅक्स मिळवून परत हिशोब करा. एनओसी निघालेलीच नसेल तर पैसे देऊ नका, कोल्हापुरात किंवा सावंतवाडीत बसून दुसऱ्या राज्यातल्या आरटीओचं काम करून घेणं सोपं नाही. दिल्ली एनसीआरमधल्या १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या तिथे चालवण्यावर निर्बंध असल्यामुळे स्वस्त असतात, तिथे एनओसी मिळते का हे आधी बघायचं.

बीएच म्हणजे भारत सिरीजचा नंबर २०२१ पासून आहे आणि तो सरकारी नोकरीवाल्यांना आणि ठराविक मोठ्या कंपन्यांच्या लोकांना मिळतो. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरलेला असतो. तुम्ही त्या नियमात बसत नसाल तर गाडी साध्या एमएच नंबरवर आणावी लागेल आणि राहिलेला टॅक्स तुमच्याकडे येईल.

१३. चलन थकलेली, ब्लॅकलिस्ट किंवा चोरीची गाडी आहे का कसं बघायचं?

चलन सगळ्यात सोपं, ई-चलनच्या साइटवर किंवा महाट्रॅफिक ॲपवर गाडी नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की यादी येते. थकलेलं चलन ट्रान्सफरला आडवं येतं, म्हणून व्यवहाराच्या आधी विकणाऱ्याकडून भरून घ्या किंवा किंमतीतून कापा. 'ब्लॅकलिस्ट' रकान्यात काही दिसलं तर कारण आरटीओतूनच काढा, कधी टॅक्सची थकबाकी असते कधी पोलिस केस.

चोरीसाठी एनसीआरबीच्या डिजिटल पोलिस पोर्टलवर व्हेइकल एनओसी काढता येते, नंबर, चेसिस, इंजिन टाकायचं आणि चोरीच्या रेकॉर्डमध्ये आहे की नाही ते येतं. चोरीची गाडी तुम्ही इमानदारीने पूर्ण पैसे देऊन घेतली तरी ती मूळ मालकाला परत जाते, ज्याचा स्वतःचाच हक्क नाही त्याच्याकडून तुम्हाला हक्क मिळत नाही.

आणि २०१९ च्या एप्रिलच्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबर प्लेट बसवलीय का बघा, नसेल तर आरटीओत कामं अडतात.

१४. गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि मुलगा विकतोय. किंवा मालक वारले आहेत. काय करायचं?

वडील हयात असतील तर त्यांनीच सही करायची, त्यांना भेटा किंवा व्हिडिओ कॉल करा. मुखत्यारपत्रावर व्यवहार अगदीच नाइलाज असेल तर, आणि तेव्हाही मूळ मालकाशी बोलूनच, कारण मुखत्यारपत्र कधीही रद्द होऊ शकतं.

मालक वारले असतील तर वारसाने आधी फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची आणि मग तुम्हाला विकायची. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांचं ना-हरकत ॲफिडेव्हिट लागतं. बहीण-भावांचं पटत नसेल तर ते ॲफिडेव्हिट मिळेपर्यंत लांब रहा, कोऱ्या फॉर्मवर वडिलांची जुनी सही आहे म्हणून पुढे जाऊ नका, ती चक्क खोटी कागदपत्रं होतात. त्या गाडीवर लोन असेल तर प्रश्न ६ तसाच लागू, लोन माणसाबरोबर जात नाही.

१५. बँकेच्या लिलावातली, कंपनीची किंवा टॅक्सीतून आलेली गाडी?

बँकेने ओढून आणलेली गाडी असेल तर बँक आधी स्वतःच्या नावावर आरसी घेऊ शकते (फॉर्म ३६), नाहीतर लिलावाच्या कागदांवर ट्रान्सफर होते. बोली लावायच्या आधीच बँकेला विचारा की नावावर करून कोण देणार, चलन-टॅक्सची थकबाकी कोणाची आणि जुन्या मालकाने कोर्टात काही टाकलंय का. लिलावात 'जशी आहे तशी' विकतात, नंतर कोणी ऐकत नाही.

कंपनीच्या नावावरची असेल तर सही करणाऱ्याला अधिकार दिल्याचा ठराव आणि लेटरहेडवरचं पत्र घ्या. टॅक्सी पासिंगमधून प्रायव्हेट केलेली असेल तर परमिट सरेंडर झाल्याचा कागद मागा, आणि आरसीवर क्लास बदललेला दिसला पाहिजे.

१६. नावावर किती दिवसात करायची? थोडं थांबलं तर?

कायद्यात विकणाऱ्याने १४ दिवसात आरटीओला कळवायचं (दुसऱ्या राज्यात विकली तर ४५ दिवस) आणि घेणाऱ्याने ३० दिवसात. विकणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्या. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार केसमध्ये सांगितलं की गाडी पुढे तीन-चार हात फिरली असली तरी अपघाताच्या वेळी आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर भरपाईची जबाबदारी, आणि त्या केसमध्ये अपघाताच्या जवळपास दोन वर्षं आधी पहिल्याने गाडी विकलेली होती.

घेणाऱ्याने ट्रान्सफरनंतर १४ दिवसात इन्शुरन्स कंपनीला अर्ज करून पॉलिसी नावावर करायची. थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर येतं पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाव बदलल्याशिवाय अडकतो. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागतो. पॉलिसीवर पण बँकेचं नाव असतं, ते पण काढून घ्या.

१७. गाडी घेऊन झाली आणि आता कळलं की लोन बाकी आहे. आता काय?

सगळ्यात आधी विकणाऱ्याला द्यायचं काही बाकी असेल तर ते थांबवा. मग बँकेत जाऊन नेमकी थकबाकी किती ते समजून घ्या, कधीकधी रक्कम छोटी असते आणि विकणारा ओळखीतला असतो, तेव्हा बसून मिटवणं बरं. गाडी लपवून ठेवणं, रिकव्हरीवाल्यांशी भांडणं असलं काही करू नका.

विकणारा टाळत असेल तर लेखी नोटीस द्या. वस्तू विक्री कायदा १९३० च्या कलम १४ मध्येच आहे की विकलेल्या वस्तूवर खरेदीदाराला माहिती नसलेला बोजा नाही अशी हमी विकणाऱ्याने दिलेली धरली जाते, म्हणजे करारात ओळ नसली तरी तुमचा दावा उभा राहतो, ओळ असली तर खूपच सोपं. मुद्दाम लपवून फसवलं असेल तर पोलिसात तक्रार होते, १ जुलै २०२४ नंतरचा प्रकार असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. डीलरकडून घेतली असेल तर ग्राहक आयोगात जाता येतं, १९१५ वर फोन करून आधी तक्रार नोंदवा. खाजगी माणसाकडून घेतली असेल तर ग्राहक आयोग सहसा घेत नाही, दिवाणी कोर्टच.

तक्रारीला जाताना बँकेचं स्टेटमेंट, करार, व्हॉट्सॲप चॅटचे प्रिंट, गाडी बघायला गेलात तेव्हाचे ऑनलाइन रेकॉर्डचे स्क्रीनशॉट तारखेसकट घेऊन जा. प्रश्न २ मधलं चेकिंग करताना स्क्रीनशॉट काढून ठेवत जा, त्यावेळी फायनान्सच्या रकान्यात काय दिसत होतं हे नंतर दाखवता येतं.